अरुंद कानात श्रवणयंत्र: बसत नाही, निसटतं, दुखतं, शिट्टी मारतं तेव्हा काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा याच क्रमाने येते. यंत्र घेतलं, क्लिनिकमध्ये बरं वाटलं, घरी जेवायला बसल्यावर चार घासांत ते कानातून सरकायला लागलं. मोठा डोम (कानात जाणारी मऊ रबरी टोपी) लावला तर कान ठणकायला लागला. लहान लावला तर शिट्टी सुरू. शेवटी यंत्र डबीत गेलं आणि "तुमचे कानच लहान आहेत" हे वाक्य पदरात पडलं.

अडचणीचं मूळ असं की नेहमीच्या फिटिंगमध्ये कानाच्या नळीवर तीन कामं एकदम टाकली जातात: यंत्र धरून ठेवायचं, आवाज बाहेर गळू द्यायचा नाही आणि रिसीव्हरला, म्हणजे यंत्राच्या छोट्या स्पीकरला, जागा द्यायची. सात-आठ मिलिमीटरच्या नळीला हे जमतं, चार-पाच मिलिमीटरच्या नळीला जमत नाही. यातलं एखादं काम नळीबाहेर हलवलं की बऱ्याच तक्रारी सुटतात. यंत्र बदलण्याआधी कोणतं काम कुठे हलवता येईल ते पाहायचं.

नळी खरंच अरुंद आहे का?

मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण २५ मिमी लांब आणि सुमारे ७ मिमी रुंद असते. ती सरळ नसते. तिला दोन वळणं असतात. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणून लवचिक. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा. त्यावरची कातडी इतकी पातळ असते की तिथे काहीही टेकलं तरी दुखतं.

नळी अरुंद "दिसण्याची" काही कारणं तात्पुरती असतात. आत साचलेला मळ, खाजवून आलेली सूज, पावसाळ्यात कोकणपट्टीत आणि मुंबईत हमखास दिसणारी कानातली बुरशी, ही त्यातली नेहमीची. अशा कानाचं माप घेतलं तर सूज उतरल्यावर मोल्ड, म्हणजे मापावरून बनवलेला कानात बसणारा साचा, सैल होतो. त्यामुळे आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान साफ आणि कोरडा करून घ्या, मग माप. अरुंद कानात पिचकारीने पाणी मारण्यापेक्षा सूक्ष्मदर्शकाखाली सक्शनने मळ काढणं सोयीचं पडतं, कारण पाणी मळाच्या मागे अडकून राहत नाही. मळ कडक असेल तर डॉक्टर आधी तीन-चार दिवस मळ मऊ करणारे थेंब घालायला सांगतात. पडद्याला छिद्र असेल किंवा कान वाहत असेल तर स्वतःच्या मनाने कोणतेही थेंब घालू नका. लसूण कढवलेलं तेल तर कोणत्याच कानात नको, आणि रस्त्यावर कान कोरून देणाऱ्यांपुढे कान धरणं पूर्ण बंद.

कायमची कारणं वेगळी. काहींची नळी जन्मतःच अरुंद असते. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत आणि मोठ्यांत हे फार आढळतं. थंड पाण्यात वर्षानुवर्षं पोहणाऱ्यांच्या नळीत हाडाचे उंचवटे वाढतात. जुन्या कानाच्या ऑपरेशननंतर किंवा वारंवार झालेल्या संसर्गानंतर व्रण आवळून नळी आकसते. आणखी एक प्रकार नेहमी नजरेतून सुटतो: उतारवयात कूर्चा सैल पडते आणि नळीचं तोंड उभ्या फटीसारखं मिटतं. हे ओळखणं सोपं आहे. कान वर आणि मागे ओढल्यावर छिद्र नीट गोल दिसलं आणि सोडल्यावर पुन्हा मिटलं, तर नळी अरुंद नाही, मिटणारी आहे. अशा कानात लहान डोम घालून उपयोग नाही. तिथे नळी उघडी धरणारा मोल्डच हवा.

मिटणाऱ्या नळीचा दुसरा घोटाळा श्रवणचाचणीत होतो. कानावर दाबून बसणारे हेडफोन लावले की नळी त्या दाबाने बंद होते आणि २००० हर्ट्झच्या वरच्या स्वरांत १५-२० डेसिबल किंवा त्याहूनही जास्त नुकसान खोटंच दिसतं. त्या आलेखावर यंत्र लावलं की आवाज असह्य तीक्ष्ण वाटणार हे उघड आहे. म्हणून चाचणी कानात घालायच्या फोमच्या टोकांच्या इअरफोनने करून मागा. या टोकांमध्ये नेहमीपेक्षा लहान, १० मिमीचा आकार मिळतो. तो बोटांत गोल दाबून, कान ओढून आत घालायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. घाईत अर्धवट घातलेला फोम बाहेर सरकतो आणि मोजमाप परत चुकतं.

यंत्राचा प्रकार निवडताना

लहान कान म्हणून सर्वांत लहान, न दिसणारं यंत्र मागितलं जातं. उलटं आहे. पूर्ण कानात बसणाऱ्या यंत्रात मायक्रोफोन, चिप, रिसीव्हर आणि बॅटरी हे सगळं एकाच कवचात कोंबायचं असतं. अशा यंत्रातली १० नंबरची, पिवळ्या पट्टीची बॅटरी ५.८ मिमी व्यासाची आणि ३.६ मिमी जाड असते. तपकिरी पट्टीची ३१२ नंबरची ७.९ मिमी. कानाचं तोंडच अरुंद असेल तर बॅटरीचं झाकण बाहेर डोकावतं, यंत्र लांबुळकं होतं आणि जबडा हलला की बाहेर ढकललं जातं. शिवाय हवा जायला वेंट काढायला जागाच उरत नाही. टायटॅनियमच्या कवचाची भिंत सुमारे ०.२ मिमी, म्हणजे ॲक्रिलिकच्या मानाने खूपच पातळ. त्यामुळे काही कानांत ते बसतं. पण एखादी जागा टोचली तर टायटॅनियम क्लिनिकमध्ये घासून देता येत नाही, कवच नव्याने बनवावं लागतं. हे विकत घेण्याआधी माहीत असावं.

सध्या सर्वांत जास्त विकला जातो तो प्रकार म्हणजे कानामागे यंत्र आणि तारेच्या टोकाला नळीत बसणारा रिसीव्हर. बहुतेक कानांना तो उत्तम. अरुंद कानात मात्र अडचण रिसीव्हरच्याच जाडीची असते. कमी ताकदीचा रिसीव्हर बारीक असतो, जास्त ताकदीचा जाड. म्हणजे ज्यांचं ऐकू येणं जास्त कमी झालंय आणि नळीही अरुंद आहे, त्यांना जाड रिसीव्हर अरुंद जागेत घालावा लागतो. तिथे हट्ट करू नये.

अशा वेळी आमच्या मते पहिला विचार व्हावा तो कानामागचं यंत्र आणि बारीक नळी, ज्याला स्लिम ट्यूब म्हणतात, याचा. रिसीव्हर कानामागेच राहतो, कानात फक्त नळी जाते. या नळीचा आतला व्यास सुमारे ०.९ मिमी असतो. मळ आणि घाम रिसीव्हरपर्यंत पोचत नाही हा वरचा फायदा. सौम्य ते मध्यम नुकसानाला ती पुरते. नुकसान तीव्र असेल तर नेहमीची जाड नळी आणि मोल्ड लागतो. पूर्वीचं, जुनाट दिसणारं म्हणून हे नाकारलं जातं, पण अरुंद कानात वर्षानुवर्षं त्रास न देता चालतं ते बहुधा हेच.

दोन्ही कानांच्या नळ्या सारख्या नसतात. उजवीकडे डोम आणि डावीकडे मोल्ड, असं वेगवेगळं लावायला काहीच हरकत नाही.

डोम: कुठपर्यंत प्रयत्न करावा

सर्वांत लहान डोम साधारण ४ ते ५ मिमी व्यासाचे असतात. त्यानंतर ६, ७, ८ मिमी असे आकार वाढत जातात. कंपनीगणिक आकडे बदलतात आणि एका कंपनीचा डोम दुसरीच्या रिसीव्हरवर बसेलच असं नाही. जबरदस्तीने चढवलेला डोम कानात सुटून राहू शकतो.

डोम मोठा पडला की काठ उलटे दुमडतात, वाऱ्यात छत्री उलटी होते तसे. बाहेर काढल्यावर डोमचा काठ पाहा: दुमडल्याची घडी दिसली तर तो मोठा आहे. दुमडलेला डोम एका बाजूने टोचतो आणि दुसऱ्या बाजूने आवाज गळू देतो, म्हणून दुखणं आणि शिट्टी एकदम सुरू होतात.

आता एक गोष्ट, जी फार कमी वेळा तपासली जाते. भोकं असलेला "ओपन" डोम अरुंद नळीत ओपन राहत नाही. भोकं नळीच्या भिंतीवर दाबली जाऊन बंद होतात. मग स्वतःचा आवाज हंड्यात बोलल्यासारखा घुमतो. सॉफ्टवेअरमध्ये मात्र "ओपन डोम" लिहिलेलं असतं, त्यामुळे यंत्र खालच्या स्वरांचा हिशेब चुकीचा धरतं. डोम बदलला, मोल्ड लावला, वेंट बदलला की सॉफ्टवेअरमधली ती नोंद बदलायला आणि फीडबॅकची, म्हणजे शिट्टीची, चाचणी पुन्हा घ्यायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

रिसीव्हरच्या तारेची लांबीही बघा. तार आखूड असेल तर ती डोमला सतत बाहेर ओढते. लांब असेल तर कानासमोर तिची कमान फुगते आणि डोम हळूहळू सरकतो. तार गालाला आणि कानाच्या वरच्या मुळाला अलगद चिकटून गेलेली दिसली पाहिजे. कानाच्या वाटीत अडकवायची पातळ प्लॅस्टिकची शेपूट मिळते. लहान वाटीत ती पूर्ण लांबीची टोचते, म्हणून थोडी थोडी कापत योग्य लांबीवर आणायची. धरून ठेवण्याचं काम नळीकडून वाटीकडे नेण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग.

दोन आकारांचे डोम, बरोबर लांबीची तार आणि शेपूट एवढं करूनही यंत्र टिकत नसेल तर डोमचा नाद सोडा आणि मोल्ड करून घ्या.

माप घेताना

मोल्ड बिघडतो तो बहुधा प्रयोगशाळेत नाही, मापातच. अरुंद कानाचं माप घेणं हे कसबाचं काम आहे. कुठे बारकाईने बघायचं ते सांगतो.

माप घेणाऱ्याने आधी ऑटोस्कोपने (कानात बघायच्या दिव्याच्या उपकरणाने) पूर्ण नळी आणि पडदा पाहिला पाहिजे. पडद्याला छिद्र, कान वाहणं, अलीकडचं ऑपरेशन, कानामागच्या मास्टॉइड हाडातली जुन्या ऑपरेशनची पोकळी यांपैकी काहीही असेल तर माप डॉक्टरांच्या संमतीनेच.

मग दोरा बांधलेला फोमचा किंवा कापसाचा छोटा बोळा नळीत बसवतात, म्हणजे मापाचं मिश्रण पडद्यापर्यंत जात नाही. तयार फोमचा बोळा बहुधा मोठा पडतो. तो पहिल्या वळणावरच अडतो, माप आखूड येतं आणि आखूड मापाचा मोल्ड बाहेर निघतो. उलट, फार लहान बोळा घातला तर कडेने मिश्रण पडद्याकडे सरकण्याचा धोका. त्यामुळे कात्रीने फोम कापून किंवा कापसाचा बोळा हाताने वळून त्या कानापुरता बनवावा लागतो, आणि प्रकाशाच्या दांडीने तो दुसऱ्या वळणाच्या पुढे नेऊन ठेवावा लागतो. या वेळी खोकला आला तर घाबरू नका. नळीच्या भिंतीत व्हेगस नसेची एक शाखा असते, तिला स्पर्श झाला की काहींना खोकल्याची उबळ येते. तसं होत असेल तर आधीच सांगा.

सिलिकॉनचे दोन भाग सारख्या प्रमाणात, रंगाच्या रेषा दिसेनाशा होईपर्यंत मिसळायचे. अरुंद कानाला पातळसर, सहज वाहणारं मिश्रण हवं. घट्ट मिश्रणाच्या दाबाने कूर्चा फुगते आणि मोल्ड मोठा येतो. पिचकारीचं टोकच नळी भरून टाकत असेल तर बारीक टोक लावायला सांगा. टोक मिश्रणात बुडालेलं ठेवत ठेवत मागे घ्यायचं. मध्येच बाहेर काढलं की हवेचा बुडबुडा अडकतो आणि त्या जागी मोल्डला खड्डा पडतो. नळी भरली की वाटी, वरचा वळसा आणि कानासमोरचा उंचवटा इथपर्यंत भरायचं. साधारण तीन ते पाच मिनिटांत ते घट्ट होतं.

आणि तोंड. जबड्याचा सांधा नळीच्या अगदी पुढ्यात असतो. तोंड उघडलं की नळी रुंदावते, मिटलं की आकसते. मिटलेल्या तोंडाने घेतलेल्या मापाचा मोल्ड भाकरी चावताना सैल पडतो आणि शिट्टी मारतो. पुढच्या दातांत आधार धरून उघड्या तोंडाने माप घ्या, विशेषतः यंत्राला जास्त ताकद लागणार असेल तर. एक तोंड मिटून आणि एक उघडून अशी दोन मापं घेऊन पाठवली तर प्रयोगशाळेला फरक समजतो.

काढलेलं माप हातात घेऊन बघा. दोन्ही वळणं स्पष्ट दिसायला हवीत, टोकाला बोळ्याचा ठसा असावा, मध्ये खड्डे किंवा पदर नसावेत. दुसरं वळण दिसत नसेल तर तिथेच पुन्हा माप घ्यायला सांगा. मोल्ड बनून आल्यावर भांडण्यापेक्षा हे दहा मिनिटांचं काम बरं.

मोल्डची ऑर्डर लिहिताना

नळीला धरून ठेवण्याच्या कामातून सोडवायचं असेल तर मोल्डला कानाच्या वाटीत आधार हवा. वाटीच्या कडेने कडं जाणारा स्केलेटन मोल्ड किंवा वाटीच्या खालच्या भागात टेकणारा कॅनल-लॉक, हे दोन प्रकार अरुंद कानात चांगले चालतात. फक्त नळीत बसणारा कॅनल मोल्ड इथे निसटतोच.

साहित्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत, म्हणून कारणासकट सांगतो. ॲक्रिलिक कडक आणि गुळगुळीत असतं; अरुंद नळीत सहज सरकतं, पातळ भिंतीत बनवता येतं, टोचलं तर घासता येतं. मऊ सिलिकॉन कातडीला घासून अडतं, आत ढकलताना टोक दुमडतं, आणि क्लिनिकमध्ये नीट घासता येत नाही. पण जबडा हलताना आवाज गळू न देण्यात आणि जास्त ताकदीच्या यंत्राला सिलिकॉन चांगलं. म्हणून अरुंद नळी, सौम्य ते मध्यम नुकसान, हाताची बोटं थोडी कडक झालेली ज्येष्ठ व्यक्ती, इथे ॲक्रिलिक. तीव्र नुकसान किंवा धावपळ करणारं मूल, इथे सिलिकॉन.

मोल्डमधून जाणारी आवाजाची नळी आणि वेंट यांचा हिशेब मात्र कागदावर करूनच बघा. नेहमीच्या १३ नंबरच्या मध्यम जाडीच्या नळीचा बाहेरचा व्यास ३.१ मिमी असतो. स्वतःचा आवाज घुमणं कमी करायला वेंट किमान २ मिमीचा लागतो. १ मिमीचा वेंट फक्त दाब मोकळा करतो. तीन जागी अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरची भिंत धरली तर बेरीज ६.६ मिमी. पाच मिमीच्या कानात हे बसणार नाही. मार्ग तीन. पहिला, जाड नळी मोल्डच्या तोंडापर्यंतच थांबवून पुढे बारीक भोक पाडायचं. यात वरचे स्वर थोडे कमी होतात, ते सॉफ्टवेअरमध्ये भरून काढावे लागतात. दुसरा, वेंट आतून न पाडता मोल्डच्या बाहेरच्या अंगाने खाच काढायची. तिसरा, स्लिम ट्यूब. तिरका, आवाजाच्या नळीला मध्येच मिळणारा वेंट शक्यतो टाळा. त्यातून वरचे स्वर निसटतात.

प्रयोगशाळेच्या अर्जावर एवढं लिहून घ्या: उघड्या तोंडाचं माप, नळीची लांबी दुसऱ्या वळणापर्यंत, टोक निमुळतं आणि गोल, नळीच्या भागावर जास्तीचा थर चढवू नये, काढायला बारीक दोरी. थर न चढवण्याची सूचना महत्त्वाची. काही जण मोल्ड घट्ट बसावा म्हणून मापावर मेणाचा थर देतात, आणि अरुंद कानात तोच थर ठणका लावतो.

मोल्ड आला, तरी तक्रार आहे

*आत जात नाही.* कान मोठ्या माणसाचा असेल तर विरुद्ध हाताने डोक्यावरून धरून वर आणि मागे ओढा. लहान मुलाचा खाली आणि मागे. तोंड थोडं उघडा. मोल्डचं टोक आधी थोडं पुढे झुकवून घाला, मग मागे फिरवत आत बसवा, शेवटी मोल्डचा वरचा वळसा कानाच्या वरच्या घडीत सरकवा. पाण्यावर आधारित कानाचं जेल टोकाला अगदी तांदळाच्या दाण्याएवढं लावा, भोकावर नको. खोबरेल तेल लावून चालवू नका, भोक आणि वेंट तुंबतात. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची; अदलाबदल झाली तर मोल्ड जाणारच नाही.

*दुखतं.* कुठे दुखतं ते बोटाने दाखवता आलं तर उपाय सोपा. वरच्या वळशापाशी दुखत असेल तर बहुधा तो भाग घडीत गेलाच नाहीये, पुन्हा घाला. नळीच्या आत दुखत असेल तर तासभर वापरून लगेच ऑटोस्कोपने बघून घ्या. लाल डाग दिसेल तिथलं ॲक्रिलिक थोडं थोडं घासून, पॉलिश करून द्यायला सांगा. एकदम खूप घासलं तर गळती सुरू होते. कानात काहीतरी असल्याची जाणीव आठवडा-दोन आठवड्यांत कमी होते, पण दुखणं सवयीने जात नाही. "सवय होईल" असं दुखण्याबद्दल कुणी सांगितलं तर ऐकू नका. पहिल्या दिवशी दोन तास, मग रोज तासभर वाढवत जा.

*शिट्टी.* यंत्र कानात असताना बोटाने मोल्ड अलगद आत दाबा. शिट्टी थांबली तर बसणं सैल आहे. थांबली नाही तर भोकाचं तोंड नळीच्या भिंतीला टेकलं असेल किंवा समोर मळ असेल. वळणदार अरुंद नळीत दोन्ही नेहमीचं. टोक थोडं कापून किंवा तिरकं करून भोक पडद्याकडे वळवता येतं. यंत्र बाहेर काढून भोक बोटाने बंद केल्यावरही शिट्टी येत असेल तर दोष नळीत किंवा यंत्रात आहे, कानात नाही. जाड नळी महिन्यांगणिक कडक आणि पिवळी होते; चिरली तर बदला.

*स्वतःचा आवाज घुमतो.* वेंट मोठा करा. जागा नसेल तर मोल्ड दुसऱ्या वळणाच्या थोडा पुढे, हाडाच्या भागापर्यंत नेला तर घुमणं कमी होतं, पण तिथली कातडी नाजूक आहे. पातळ, गोल टोक आणि कुशल हात दोन्ही असतील तरच हा मार्ग.

*आवाज टोचतो, भांड्यांचा खणखणाट सहन होत नाही.* याचं कारण अरुंद नळीतच आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. मोल्ड आणि पडदा यांच्यामधली हवेची पोकळी लहान असली की तोच आवाज तिथे मोठा होतो. पोकळी निम्मी झाली की पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. सॉफ्टवेअर पहिली सेटिंग सरासरी कान धरून करतं. म्हणजे अरुंद कानाच्या माणसाला सुरुवातीपासूनच गरजेपेक्षा जास्त, त्यातही वरचे स्वर जास्त मिळतात. तो आवाज कमी करून मागतो, मग बोलणं कळेनासं होतं. यावर खात्रीचा उपाय एकच: प्रत्यक्ष कानातलं मोजमाप, ज्यात एक बारीक नळी पडद्याच्या ५ मिमीच्या आत ठेवून तिथला आवाज मोजतात. ती नळी सुमारे १ मिमी जाडीची असते. अरुंद नळीत तिच्यामुळे मोल्डच्या कडेने फट राहते आणि मोजताना शिट्टी येते. मोजमापाच्या नळीला जेल लावून ती कानाच्या नळीच्या खालच्या भिंतीलगत बसवली की हे बरंच टळतं. मोल्ड बदलला की हे मोजमाप पुन्हा घ्यायचं, कारण पोकळी बदललेली असते.

घरी तपासायला साधी पद्धत आहे. समोरच्याने तोंडावर कागद धरून एक-दोन मीटरवरून नेहमीच्या आवाजात आ, ऊ, ई, म, श, स हे सहा आवाज उलटसुलट क्रमाने म्हणायचे. स आणि श गळत असतील तर वरचे स्वर कमी पडतायत. म आणि ऊ ऐकू येत नसतील तर खालचे.

मळ, घाम, पावसाळा

अरुंद कानातला मळ बाहेर यायला वाट कमी, त्यात रोज मोल्ड तो मागे ढकलतो. मळरोधक जाळी दर आठवड्याला बघा, पांढरी जाळी पिवळी पडली की बदला. आवाज अचानक कमी झाला तर आधी जाळी, मग बॅटरी, मग नळीतला पाण्याचा थेंब, या क्रमाने तपासा. यंत्र दुरुस्तीला नंतर. झिंक-एअर बॅटरीचा स्टिकर काढून मिनिटभर उघडी ठेवा, मगच झाकण लावा. रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवा आणि दाण्यांचा रंग बदलला की दाणे बदला. डोम आणि मोल्ड कोरड्या कापडाने रोज पुसा. मोल्ड यंत्रापासून सोडवूनच धुवा आणि फुंकणीच्या फुग्याने मोल्डची नळी कोरडी करा. रिसीव्हर जोडलेला भाग धुवायचा नाही.

कानात खाज, ओलसरपणा, काळे-पांढरे तंतू दिसले तर यंत्र घालणं थांबवा. बुरशी साफ झाल्याशिवाय, आणि डोम बदलल्याशिवाय, यंत्र पुन्हा घालू नका. डोम कानात सुटून राहिला तर पिन, चिमटा काहीही घालू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. मधुमेह असलेल्यांनी रात्री वाढणारं कानाचं दुखणं एक दिवसही अंगावर काढू नये. तो संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो.

कुठे जायचं, काय विचारायचं

ऑडिओलॉजिस्टची, म्हणजे श्रवणतज्ज्ञाची, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. मोल्ड बसला नाही तर ठरावीक मुदतीत पुन्हा बनवून मिळेल का, हे पावतीवर लिहून घ्या. प्रत्यक्ष कानातलं मोजमाप करणारं उपकरण तिथे आहे का हे आधी फोनवर विचारलं तर फेरी वाचते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३ सालापासून असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणचाचणी, यंत्राची फिटिंग आणि इअर मोल्ड या सोयी आहेत. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या सरकारच्या अडिप योजनेतल्या शिबिरात मिळालेल्या यंत्राला तयार टोक लावलेलं असेल आणि ते अरुंद कानात बसत नसेल, तर यंत्र बाजूला टाकू नका. त्याच यंत्राला कानाचं माप घेऊन मोल्ड लावता येतो. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, त्यामुळे बिलात यंत्रावर तो लावला असेल तर विचारा.

नळी बंदच आहे, सतत वाहते, किंवा कोणताही मोल्ड सहन होत नाही, तेव्हा हाडातून आवाज पोचवणारी यंत्रं असतात. ती कपाळपट्टीवर, कानामागे चिकटवून किंवा शस्त्रक्रियेने बसवून वापरता येतात. आतला कान चांगला असेल आणि अडथळा बाहेर किंवा मधल्या कानात असेल तर त्यांचा फायदा सर्वांत जास्त. जन्मतः नळी नसलेल्या बाळांना पट्टीवरचं यंत्र अगदी लहानपणापासून लावता येतं, शस्त्रक्रियेची वाट बघायची गरज नसते. हाडाचे उंचवटे किंवा व्रण असलेल्या मोठ्या माणसांत नळी रुंद करण्याची शस्त्रक्रियाही होते. पण तिच्यानंतर कान पूर्ण भरून येईपर्यंत नवं माप घेऊ नका, आणि जुना मोल्ड पुन्हा वापरू नका.